पालथी निगेटिव्ह

“मुरली, खरं सांग. तुला लहूचं तोंड आठवतं का रं?”

काकी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी शिलाई मशीनच्या स्टुलावर कसाबसा टेकलो होतो. त्या घरात एरवी मशीनचा खडखडाट थांबायचा नाही, आणि आता मला माझ्याच मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं.

“आठवतं की, काकी.”

“मग मला का आठवत न्हाई? मी आई हाय न्हवं त्याची? डोळं मिटलं की ह्योच म्होरं येतो. त्याला बाजूला सारला तरी पुन्ना ह्योच.”

‘ह्यो’ म्हणजे अंकुश. तो नेमका तेव्हाच चहाची कपबशी घेऊन दारात आला होता. चाहूल लागताच काकींनी पदर पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला. अंकुशनं सगळं ऐकलं होतं. त्यानं कपबशी मशीनच्या फळीवर ठेवली आणि आल्या पावली बाहेर गेला. लहू गेल्यापासून काकींनी अंकुशकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्या त्याच्याशी बोलत होत्या, पण भिंतीकडे तोंड करून.

लहू आणि अंकुश माळवदे, जुळे भाऊ. कराडला आमच्याच आळीत राहायचे. वडील लवकर गेले, काकींनी ब्लाउज शिवून दोघांना वाढवलं. दिसायला दोघे इतके सारखे की मास्तर एकाच्या चुकीबद्दल दुसऱ्याला बदडून काढत. ओळखायची खूण एकच होती. अंकुशच्या डाव्या डोळ्याखाली तीळ होता आणि लहूच्या उजव्या. भांगही तसेच, याचा डावीकडून तर त्याचा उजवीकडून. लहू डावखुरा होता. समोरासमोर उभे राहिले की मध्ये आरसा आहे असं वाटायचं.

स्वभावाचं मात्र नाव काढायला नको. अंकुश एका जागी बसला की त्याला उठवावं लागे, आणि लहूला बसवणं कुणाच्या बापाला जमलं नाही. सायकलला कापडाचे गठ्ठे बांधून तो गावोगावचे बाजार करायचा, आणि घरी आला तरी उभ्यानंच जेवायचा. कृष्णेला पूर आला की पुलावरून उडी मारणाऱ्यांत पहिला हाच. त्या श्रावणातही मारली. दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला बाभळीच्या झुडपात सापडला.

अंकुश आणि मी फोटोवाले. आमचं दुकान नव्हतं, कुणाची नोकरीही नव्हती. दोघांत एक कॅमेरा, एक स्टँड, एक आकाशी पडदा आणि गिऱ्हाइकासाठी आरसा-कंगवा एवढा संसार पिशवीत घालून आम्ही दारोदार हिंडत असू. मुलगी दाखवायची असेल, म्हातारा थकला असेल, नवं बाळ आलं असेल, की आम्हांला बोलावणं यायचं. लोकांना आपलं तोंड चांगलं दिसायला हवं असतं, आणि ते आम्ही चांगलं दाखवायचो. अंकुशचा तर त्यात हातखंडा होता. रडव्या बाईलाही तो बोलता बोलता खुलवायचा.

त्याला एकच खोड होती. बटण दाबायच्या वेळी तो श्वास रोखून धरायचा. कॅमेरा हलू नये म्हणून सगळेच थोडाफार धरतात, पण याचं प्रकरण वेगळं होतं. ओठ आत ओढून, नाकपुड्या फुगवून हा असा काही धरायचा की समोरचं माणूस हसू लागे. कॅमेरा स्टँडवर असला तरी तेच. लहू त्याची नक्कल करायचा. “बघा बघा, आमचा अंक्या पाण्यात न जाता बुडी मारतोय!” काकी मशीन थांबवून हसायच्या. अंकुशला पोहता येत नव्हतं.

त्या दिवशी मी बाहेर आलो तेव्हा अंकुश ओट्यावर बसला होता.

“ऐकलंस ना?” तो म्हणाला. “तिला त्याचा चेहरा पाहिजे. मामा पण म्हणतोय, तेराव्याला फोटो तर ठेवावा लागेल. कुठून आणू?”

ऐकणाऱ्याला हे खोटं वाटेल. फोटोवाल्याच्या सख्ख्या भावाचा फोटो नाही? होते ना. आमच्याकडे त्याचे फोटो होते, पण एकातही तोंड नव्हतं. आमच्या अंधाऱ्या घरांत फोटो काढायचा तर माणसाला क्षणभर तरी गप्प राहावं लागे, आणि लहूला तेवढंही जमत नसे. कुठे मान फिरलेली, कुठे हात हललेला. शेजारच्या लग्नात काढलेल्या एका फोटोत तर तो मांडवातून जिलबीची परात घेऊन पळत होता. परात स्वच्छ आली होती, बाजूची म्हातारी स्वच्छ आली होती आणि लहूच्या तोंडाच्या जागी नुसता पांढरट फराटा. त्यावरून आम्ही त्याची किती चेष्टा केली होती. त्याला म्हणायचो, तू मेल्यावर तुझ्या फराट्यालाच हार घालू. हे असलं बोलणं मागाहून घशात अडकतं.

आम्ही दुपारभर सगळी पाकिटं धुंडाळली. पासबुकावर अंगठ्याएवढा फोटो असेल म्हणून बघितलं, तर त्याचं पासबुकच नव्हतं. शेवटी अंकुशनं पिशवी माझ्याकडे ढकलली. ढकलताना त्यातला आरसा बाहेर आला. त्यानं तो उचलला, पुसला आणि त्यात बघत राहिला. सुतकात दाढी करत नाहीत, त्यामुळे त्याच्या गालांवर खुंट वाढले होते. एरवी तो रोज घोटून दाढी करायचा. लहू आठ-आठ दिवस करायचा नाही.

“मुरली,” तो म्हणाला, “हा बघ.”

“काय बघू?”

“लहू.”

मी त्याच्या खांद्यावरून वाकून आरशात बघितलं. तीळ उजवीकडे गेला होता, भांग उजवीकडे गेला होता, गालावर खुंट.

“माझा फोटो काढ,” अंकुश म्हणाला. “आणि प्रिंट करताना निगेटिव्ह पालथी घाल. संपलं काम.”

पालथी निगेटिव्ह ही आमच्या धंद्यातली लाजिरवाणी चूक. फोटो छापायच्या यंत्रात, एनलार्जरमध्ये, निगेटिव्ह उलट्या बाजूनं गेली की डावं उजवं होतं. बाईचा पदर भलत्या खांद्यावर येतो आणि गिऱ्हाईक शिव्या देतं. ती चूक जाणूनबुजून करायची कल्पना कुणाला सुचावी तर अंकुशलाच.

“तुझं डोकं ठिकाणावर आहे का?” मी म्हणालो. “त्या फोटोला हार घालणार. जिवंत माणसाच्या फोटोला हार? आणि तोही कोण, तर तुझी आई?”

“तिला कुठं कळणार आहे?”

“आणि काही झालं म्हणजे?”

“काय व्हायचंय?”

“अंक्या, मला भीती वाटते. सरळ सांगतो. माझ्या हातून हे व्हायचं नाही.”

तो आरसा पालथा ठेवून म्हणाला, “तू बघितलंस ना आत? तिनं तोंडावर पदर घेतला. माझी चाहूल लागली म्हणून. मी घरात हिंडलो की ती डोळे मिटते आणि डोळे मिटले की पण मीच दिसतो. तिनं करावं काय? तिला एकदा त्याचा चेहरा भिंतीवर मिळू दे. तो तिथं दिसला की मी मोकळा होईन. मग ती माझ्याकडं बघेल. हाराचं काय घेऊन बसलास? घालू दे.”

मी नुसता पायानं माती उकरत राहिलो.

“आणि आजच,” तो म्हणाला. “दहाव्याला डोकं भादरणार माझं. मग कुठला भांग आणि कुठलं काय.”

माझ्या खोलीत खिडकीजवळ खुर्ची मांडली. सुतकातला माणूस घराबाहेर कसा, म्हणून आळीतल्या लोकांनी विचारू नये, यासाठी तो मागच्या बोळातून आला. पिशवीतून त्यानं लहूचे कपडे आणले होते. मी पांढरा शर्ट पुढे केला तर त्यानं फेकून दिला.

“खिसा उजवीकडं जाईल. गुंड्या उलट्या येतील. शिवणकाम करणाऱ्या बाईला एवढं दिसणार नाही होय?”

त्यानं लहूचा गोल गळ्याचा निळा बनियन घातला, ज्याला ना खिसा ना गुंडी. केस विस्कटले. मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं, कारण लहूनं आयुष्यात घड्याळ बांधलं नव्हतं. भुवई जरा वर चढवली, लहूची चढायची तशी. मी बघतच राहिलो. दुःखाच्या तळाशीसुद्धा हा माणूस कारागीर होता. खरं सांगायचं तर मीही तेव्हा तिरीप कुठून घ्यावी याचाच विचार करत होतो.

आमचा कॅमेरा जुना, वरून वाकून बघायचा. झाकण उघडलं की चौकोनी काचेवर चित्र दिसायचं, आणि ते नेहमी उलटं दिसायचं, डाव्याचं उजवं. वर्षानुवर्षं बघून आम्हांला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्या दिवशी मी झाकण उघडून मान खाली घातली आणि काचेवर लहू बसला होता.

तसाच, उजव्या डोळ्याखाली तीळ घेऊन. कसा आहेस मुरल्या, म्हणेल असा.

मी मान वर केली, समोर अंकुश होता. खाली घातली की लहू. मी तीन-चारदा खालीवर केलं. वाटलं, हा आता उठून जाईल, हा बसणाऱ्यातला नव्हे.

“काय झालं?” काचेवरच्या लहूनं अंकुशच्या आवाजात विचारलं.

“काही नाही. बस नीट.”

“तू घाबरलेला दिसतोयस. उजेड गेला तर उद्या पुन्हा येता येणार नाही मला. दाब.”

“दाबतो.”

“मोज.”

मी मोजलं आणि दाबलं. पुन्हा फिरवून पुन्हा दाबलं. सगळी फिल्म संपेपर्यंत मी थांबलो नाही. नंतर अंकुश खुर्चीवरून उठेना. म्हणाला, “बसून बरं वाटतंय. तो असा कधी बसला नाही ना.”

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मनात एकच घोळत होतं, उद्या या अंकुशला काही झालं तर त्या बाईसमोर मी कोणत्या तोंडानं उभा राहू? मारुतीला जाऊन नारळ फोडून आलो. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही असं मी चारचौघांत सांगत असे. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर तोंड लपवलं असतं.

प्रिंट आम्ही माझ्या न्हाणीत काढायचो. दहावा झाल्यावर अंकुश पुन्हा मागच्या बोळातून आला. खिडकीला घोंगडं ठोकून भरदुपारी अंधार केला, लाल दिवा तेवढा ठेवला. अंकुशनं स्वतः निगेटिव्ह पालथी घातली. ताटातल्या औषधाच्या पाण्यात कागद हलवत दोघे वाकून बसलो. आधी केस आले, मग भुवई, मग डोळे, आणि सगळ्यांत शेवटी तो तीळ.

“आला,” अंकुश म्हणाला.

फोटो उत्तम उतरला होता. रेघन् रेघ दिसत होती. आम्ही दोघांनी तो उलटासुलटा करून तपासला, कुठे काही राहिलं का बघितलं. भांग बरोबर, तीळ बरोबर, खुंट बरोबर. काही म्हणता काही राहिलं नव्हतं. मी चौकट करून आणली.

तेराव्याला माळवद्यांच्या घरी पाहुणे गोळा झाले. बाहेर जेवणाची तयारी चालली होती. आतल्या खोलीत पाटावर पांढरा पंचा अंथरून मामांनी फोटो ठेवला. काकींच्या भावाचा गावात दरारा होता, घरातलं सगळं त्यांच्याच हुकमानं चालायचं. अंकुश भिंतीशी बसला होता. डोकं भादरलेलं, मिशा गेलेल्या. त्या गोट्याकडे आणि फोटोकडे बघून हा त्याचाच आहे असं देवालाही सांगता आलं नसतं. मी त्याच्या शेजारी बसलो.

“चल, अक्का,” मामा म्हणाले. “पहिला हार तुझा.”

काकींना दोन बायकांनी धरून आणलं. मामांनी त्यांच्या हातात झेंडूचा हार दिला. त्या पाटासमोर टेकल्या. हार दोन्ही हातांत धरून त्यांनी मान वर केली आणि इतक्या दिवसांनी प्रथमच लहूचा चेहरा बघितला.

हार तसाच राहिला. काकी पुढे वाकल्या, आणखी वाकल्या, नाक काचेला लागेल इतक्या. मला वाटलं, झालं, आता रडतील, हार घालतील, सुटेल सगळं. आणि त्याच वेळी वाटलं, नको घालू गं बाई, नको.

“ह्यो कुणाचा फोटू?” काकींनी विचारलं.

“असं काय करतीस अक्का?” मामा म्हणाले. “लहूचा न्हवं का! पोरांनी एवढा चांगला करून आणलाय.”

काकी फोटोकडेच बघत होत्या. माझ्या शेजारी अंकुश बसला होता तो नुसता दगड झाला होता. माझ्या दंडाला त्याचा दंड लागत होता, तोही हलत नव्हता.

“अंक्या,” काकी म्हणाल्या. मान न वळवता.

अंकुशनं नजर खाली घातली.

“श्वास सोड.”

कुणाला काही कळलं नाही. मामा माझ्याकडे बघू लागले, मी फोटोकडे बघितलं, आणि मग मला दिसलं. ओठ आत ओढलेले होते. नाकपुड्या फुगलेल्या. सगळं उलटं करायला आम्ही विसरलो नव्हतो, पण मी मोजायला लागलो तसा खुर्चीत बसलेल्या अंकुशनं, समोर कॅमेरा असताना, सवयीनं श्वास धरला होता. फिल्मवरच्या झाडून सगळ्या फोटोंत धरला होता. आम्ही ते तोंड ताटात वर येताना बघितलं, पारखलं, चौकटीत घातलं, आणि आम्हांला ते दिसलं नाही. अंकुशचं ते तोंड मला रोजचंच होतं, आणि त्याला स्वतःला तर ते कधी दिसायचा प्रश्नच नव्हता.

काकी वळल्या. भादरलेल्या डोक्याच्या त्या पोराकडे त्यांनी सरळ, डोळे भरून बघितलं. तो अजून तसाच बसला होता, ओठ आत घेऊन.

“किती येळ धरून बसलाईस?” त्या म्हणाल्या. “तितंबी धरलाईस, हितंबी धरलाईस. सोड की रं बाबा. माझा एक ल्योक श्वास धरूनच गेला.”

अंकुशच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. लहू गेल्यापासून तो रडला नव्हता, पाहुण्यांची सरबराई करत होता. आता तो काकींच्या मांडीत डोकं घालून हमसून हमसून रडला. काकी त्याच्या पाठीत रपारप मारत होत्या आणि दुसऱ्या हातानं त्याचं गुळगुळीत डोकं कुरवाळत होत्या. हातातला हार कधीच चुरगळून गेला होता.

“जित्या लेकराला हार घालाय लावत हुतास व्हय रं मला?” त्यांनी मला विचारलं. “तुझी अक्कल कुटं गेली हुती?”

मी मान खाली घातली. मला इतकं हलकं वाटत होतं की शिव्यासुद्धा गोड लागत होत्या.

मामांनी विचारलं, “मग आता ठेवायचं काय पाटावर? ब्राह्मण खोळंबलाय.”

“हाय की,” काकी म्हणाल्या. “मुरली, त्यो जिलबीचा फोटू हाय न्हवं तुमच्याकडं?”

“काकी, त्यात तोंड नाही.”

“आण तू.”

मी पळत जाऊन आणला. चौकट नव्हती, म्हणून आधीच्या चौकटीतून अंकुशचा फोटो काढून त्यात तो सरकवला. काकींनी तो मांडीवर घेतला. परात, म्हातारी आणि मधला तो पांढरा फराटा. त्या बोटानं त्यावरून डावीकडून उजवीकडे गेल्या, तो पळाला होता त्या दिशेनं.

“ह्यो बघ,” त्या हळूच म्हणाल्या. “ह्यो माझा लहू. मी आपली त्याला एका जागी उभा करून बघत हुते. त्यो उभा कवा ऱ्हायलाय?”

नवा हार येईपर्यंत त्यांनी फोटो खाली ठेवला नाही.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. पुढे आमच्याकडे दोन कॅमेरे झाले, पण स्टुडिओची नोकरी नको म्हणून आम्ही दोघेही बरीच वर्षं असेच दारोदारचे फोटोवाले राहिलो. अंकुशचा तो पालथा फोटो मी फाडून टाकायला मागितला होता. काकींनी दिला नाही. “माझ्या लेकाचा फोटू हाय,” म्हणाल्या. मशीनवर, दोऱ्याच्या रिळांमागे तो कायम उभा असायचा. आलागेला विचारी, हा लहू का? काकी म्हणायच्या, न्हाई, अंकुश.

पुढे अंकुशनं घराच्या ओट्यावर पडदा लावला आणि गिऱ्हाइकं तिथंच यायला लागली. त्याची खोड गेली नाही. तो बटणावर बोट ठेवायचा, समोरचं माणूस हसू दाबायचं, आणि आतून मशीनच्या खडखडाटातून आवाज यायचा, “अंक्या, श्वास सोड रं.” नव्या गिऱ्हाइकांना काही उमगायचं नाही. अंकुश बटण दाबायचा आणि आत ऐकू जाईल असा मोठा श्वास सोडायचा.

काकी गेल्यावर मशीन बंद झालं. त्यानंतर पहिल्यांदा आम्ही ओट्यावर फोटो काढायला उभे राहिलो तेव्हा एक नवी सून समोर बसली होती. अंकुशनं बटणावर बोट ठेवलं आणि दाबेना. आत बघत राहिला. त्याचा चेहरा लाल होत चालला होता. सूनबाई गोंधळून माझ्याकडे बघू लागली.

मी पडदा धरून उभा होतो. तिथूनच म्हणालो, “अंक्या, श्वास सोड रं.”